पोरांच्या माती-वर्कशॉपला काय घ्यायचं, शाडू, लाल माती की पाकिटातला क्ले?

गणपतीआधी सोसायटीत पोरांचं वर्कशॉप ठरलं की पहिला वाद मातीवरूनच होतो. तिन्ही वापरून झालेत माझे, म्हणून सांगते.

शाडू बारीक असते, सोंड-कान नीट निघतात, पण आपल्या पावसाळी हवेत लवकर सुकत नाही आणि घाईने पंख्याखाली ठेवली की तडे. पावडर आणलीत तर पोरं यायच्या आधीच मळून ठेवा, कारण कोरड्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात जाणं वाईट, त्यामुळे सुकलेली मूर्ती पॉलिशपेपरने घासायचं काम पोरांना अजिबात देऊ नका. ही माती बहुतेक गुजरातेतून खणून येते, तेव्हा उरलेली फेकायची नाही, बादलीत भिजवून परत वापरायची.

लाल मातीसाठी धारावीचा कुंभारवाडा. ओली, मळलेली मिळाली की धुळीचा प्रश्नच मिटतो, पैसे थेट कुंभाराच्या हातात जातात, आणि त्यालाच तासभर शिकवायला बोलावलंत तर उत्तम (त्याचे वेगळे पैसे द्या हां, माती घेतली म्हणून फुकट नाही). डिटेल कमी येतं, कधी खडा निघतो, कपडे लाल होतात, आयांची बोलणी खावी लागतात. सहा-सात वर्षांच्या पोरांना मी हीच देते.

पाकिटातला क्ले सोयीचा, पण तो पाण्यात मातीसारखा विरघळत नाही, म्हणजे विसर्जनाला बाद. नुसतं 'नॉन-टॉक्सिक' छापलेलं बघून घेऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, खाली लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस (हा मार्क देणारी सरकारी संस्था) च्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या सुट्ट्या मालावर तेवढंही नसतं.

खरी भीती मला रंगांचीच वाटते. घरात उरलेला ऑइलपेंट नको, शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासूनचा, आणि जुना डबा कधीचा कोणाला आठवतंय! गेरू चांगला. हळद घ्याल तर खात्रीची, सुट्या हळदीत लेड क्रोमेटची (शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची) भेसळ सापडते, शिवाय उन्हात फिकी पडते. चमकी म्हणजे प्लास्टिकच, वगळा.

आणि हात आधी बादलीत धुवायला लावा, गेल्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांनी बेसिनमध्ये धुतले आणि ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी प्लंबर शोधत फिरलो.