मोठ्या मुलांसाठी हाय-लो चेंजिंग टेबल: वजनाचा आकडा नंतर, आधी खालची उंची मोजा

ज्यांच्या घरी सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असलेलं मोठं मूल आहे किंवा स्ट्रोकनंतर अंथरुणावर असलेले आईवडील आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. माझा मुलगा १६ वर्षांचा, चारही हातपाय कडक, वजन पन्नाशीला टेकलंय, डायपर बदलणं, अंग पुसणं, पँट घालणं, स्ट्रेचिंग, सगळं आडवं करूनच होतं. आम्ही मोटरवर वरखाली होणारं टेबल घेतलंय, म्हणजे मुळात फिजिओथेरपीवाल्यांचं हाय-लो प्लिंथच (पेशंटला झोपवून व्यायाम देतात ते गादीचं टेबल), फक्त जास्त रुंद करून आणि दोन्ही बाजूंना खाली दुमडता येणारे कठडे लावून घेतलेलं. टेबल खरंच छान आहे, रोज वापरतोय, ज्यांना परवडतंय त्यांनी नक्की घ्यावं. पण कुठलं घ्यायचं हे ठरवताना दुकानात जे सांगतात आणि घरी जे लागतं त्यात खूप फरक आहे.

दुकानात गेलात की पहिलं ऐकायला मिळतं ते वजन. एवढे किलो उचलतं, तेवढे किलो उचलतं. आपलं मूल ५०-६० किलोचं, वर वाकलेल्या माणसाचा भार धरला तरी चांगल्या बनावटीच्या टेबलाला ते जड नाही. तुम्ही विचारायचं ते हे, की टेबल सगळ्यात खाली किती येतं, आणि ते गादीसकट सांगा. व्हीलचेअरची सीट साधारण १८-१९ इंचावर असते. टेबल तेवढं खाली आलं तर ट्रान्सफर बोर्ड (खुर्ची आणि टेबलामध्ये पुलासारखी ठेवायची गुळगुळीत फळी) लावून मुलाला सरकवून घेता येतं. आणि ते २४ इंचावरच थांबलं तर ते वरचे पाच-सहा इंच तुम्ही अख्खं मूल उचलून पार करायचे, तेही कंबर पिळवटून, आणि आपल्या पाठी जातात त्या बहुतेक इथेच, डायपर बदलताना नाही. कॅटलॉगमधली उंची पुष्कळदा नुसत्या फ्रेमची असते, वर दोन-तीन इंच फोम येतो, म्हणून मेजर टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा, दुकानदाराला काय वाटेल याचा अजिबात विचार करू नका.

वरची उंची तुमच्या कमरेएवढी आली की झालं. मी ५ फूट १, नवरा ५ फूट १०, एकाच उंचीचं टेबल दोघांना कधीच जमलं नसतं, म्हणून रिमोटवालंच घेतलं. पायाने पंप मारायचं हायड्रॉलिक मॉडेल स्वस्त पडतं आणि लाइट लागत नाही, पण मूल वर असताना एक हात त्याच्यावर आणि एक पाय पेडलवर, हे एकट्या बाईला कठीण, आणि उतरताना काही मॉडेल झटका देतात, सीपीच्या मुलाचं अंग त्या झटक्याने लगेच ताठ होतं. इलेक्ट्रिक घेणार असाल तर लाइट गेल्यावर खाली कसं आणायचं ते दुकानातच प्लग काढून करून दाखवायला सांगा. बॅटरी हवी नाहीतर हाताने उतरवायची सोय तरी हवी. आणि घरातलं साधं इलेक्ट्रिक टेबल आंघोळीसाठी बाथरूममध्ये न्यायचं नाही म्हणजे नाही, त्यासाठी पाण्यात चालणारी शॉवर ट्रॉली वेगळी मिळते.

रुंदीचं म्हणाल तर क्लिनिकमधलं दोन फुटी प्लिंथ मोठ्या मुलाला पुरत नाही. डायपर बदलताना त्याला कुशीवर वळवावं लागतं आणि वळला की खांदा नाहीतर गुडघा कडेच्या बाहेर. आम्ही ३२ इंच करून घेतलं. त्याहून खूप वाढवू नका, पलीकडच्या बाजूला हात पोचवायला आपल्यालाच ओणवं व्हावं लागेल.

आता जे मला कोणीच सांगितलं नव्हतं, फिजिओ ताईंनी सुचवलं म्हणून कळलं. पुढेमागे हॉइस्ट (माणसाला झोळीत बसवून उचलायचं यंत्र) घ्यायचा विचार असेल, आणि मूल वाढतंय म्हणजे तो करावाच लागतो, तर टेबलाखाली मोकळी जागा आहे का बघा. चाकांच्या हॉइस्टचे पाय टेबलाच्या खाली सरकायला लागतात, कात्रीसारख्या यंत्रणेची काही टेबलं जमिनीलगत इतकी भरलेली असतात की पाय आतच जात नाहीत, मग स्लिंगमधलं, म्हणजे झोळीतलं मूल टेबलाच्या वर येतच नाही, अलीकडच्या बाजूलाच लटकत राहतं.

रेक्झिनची शिलाई वरच्या बाजूला नको, लघवी त्या भोकांतून फोममध्ये उतरते आणि मग तो वास काही केल्या जात नाही. आमच्या टेबलाचा एक कठडा आला तेव्हाच नीट लॉक होत नव्हता, डीलरला बरेच फोन करावे लागले तेव्हा माणूस आला, त्यामुळे डिलिव्हरी घेताना कठडे जोरात हलवून बघा, लॉक न होणारा कठडा नसलेल्या कठड्यापेक्षा धोक्याचा, कारण आपण विश्वासाने पाठ फिरवतो.

जागा कमी असेल तर भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल वन बीएचकेत सोयीचं पडतं, पण पार्टिशनला किंवा जिप्समच्या भिंतीवर लावू नका, सिपोरेक्सची (हलक्या सच्छिद्र ब्लॉकची) भिंत असेल तर आधी इंजिनीअरला दाखवा.

घराबाहेरचं सांगायचं तर मन खरंच दुखतं. मॉलमध्ये, एअरपोर्टवर जे भिंतीतून खाली येणारं प्लास्टिकचं टेबल असतं ते तान्ह्या बाळांसाठी, माझ्या मुलाला तिथे टॉयलेटच्या फरशीवर झोपवायचं का? ब्रिटनमध्ये २००६ पासून चेंजिंग प्लेसेस नावाची चळवळ आहे, त्यांच्या खोलीत वरखाली होणारा मोठ्या माणसाच्या मापाचा बेंच, छताला हॉइस्ट आणि निदान १२ चौरस मीटर जागा हवीच असं ठरलेलं आहे, आणि इंग्लंडमध्ये २०२१ पासून ठरावीक प्रकारच्या मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींना ती खोली बांधणं नियमाने आलं. अमेरिकेत २०२४ च्या कायद्याने मध्यम आणि मोठ्या विमानतळांना मोठ्यांची चेंजिंग टेबलं लावायला सांगितलंय. त्या १२ चौरस मीटरमध्येच सगळं येतं बघा, नुसतं टेबल आणून ठेवलं आणि व्हीलचेअर वळायला, मदतीला दोन माणसं उभी राहायला जागा नसेल तर उपयोग शून्य. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक करा असं सरकारला सांगितलंय, तेव्हा तुमच्या शहरात नवं हॉस्पिटल किंवा नाट्यगृह उभं राहत असेल तर नकाशा पास व्हायच्या आधी लेखी पत्र द्या आणि त्यात मापं लिहा, मोघम "सोय करावी" लिहिलं की रॅम्प करून मोकळे होतात.

टेबल बघायला जाताना शक्य असेल तर मुलाला त्याच्या व्हीलचेअरसकट न्या आणि चढवणं, वळवणं, उतरवणं सगळं तिथेच करून बघा. ऑर्डर देण्याआधी बिल्डिंगच्या लिफ्टचं दार आणि खोलीचं दार मोजा. कोणाला आमच्या टेबलाची मापं हवी असतील तर विचारा, फॅब्रिकेटरला दिलेलं ड्रॉइंग अजून माझ्याकडे आहे.