मांजर डब्याबाहेर शू करतं तेव्हा: एन्झाइम क्लीनर, टॉर्च आणि मोठा टब, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. एन्झाइम क्लीनर काम करतो, पण फरशीवर आणि सोफ्यावर. कापसाच्या गादीवर नाही. यूव्ही टॉर्च घ्याच, शूचे वाळलेले डाग त्याच्या उजेडात चमकतात. मांजराचा शू-शीचा डबा (लिटर बॉक्स) झाकणाचा घेऊ नका. आणि यातलं काहीही मागवायच्या आधी मांजराची लघवी तपासून घ्या, कारण आमच्या घरात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच.

आमची मांजर ठकी पाच वर्षांची, गावठी, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. घर ठाण्यातलं वन बीएचके, माणसं तीन. इतकी वर्षं ती ड्राय बाल्कनीतल्या डब्यात निमूट जायची. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आधी पायपुसणं, मग धुवायच्या कपड्यांचा ढीग आणि शेवटी दिवाणावरची गादी. सगळं मऊ, सगळं आडवं. उभ्या भिंतीकडे पाठ करून, शेपूट थरथरवत मारलेली पिचकारी हा प्रकार वेगळा. ती हद्द आखणं असतं आणि बहुतेक बोक्यांचं ते ऑपरेशननंतर थांबतं. खाली बसून गादीवर शू करणाऱ्या मांजराला एक तर दुखत असतं, नाहीतर डबा पटलेला नसतो. ठकीच्या बाबतीत दोन्ही निघालं.

लघवीचा नमुना घ्यायला डब्यात लिटरऐवजी (म्हणजे शू शोषणाऱ्या दाण्यांऐवजी) मत्स्यालयात घालतात ती बारीक खडी धुऊन, वाळवून टाकली. ती पाणी शोषत नाही, त्यामुळे खाली साचलेली लघवी सिरिंजने ओढता येते. तपासणीत जंतू नाहीत, स्फटिक नाहीत, रक्ताच्या पेशी मात्र आहेत. डॉक्टरांचं म्हणणं, तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच सापडतो. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं कितीतरी जास्त दिसतं. त्यामुळे अँटिबायोटिक नाही. दुखणं कमी करायचं औषध, कोरड्या खाण्याऐवजी ओलं खाणं आणि पाण्याचे वाडगे घरात दोन-तीन ठिकाणी. डब्यात बसल्यावर दुखलं की मांजर दुखण्याचा संबंध डब्याशी जोडतं आणि मऊ जागा शोधतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा गादीचं कोडं सुटलं.

बोका असेल तर एक गोष्ट आत्ताच वाचून ठेवा. तो पुन्हा पुन्हा डब्यात बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं असेल तर ही तक्रार सफाईची नाही. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा.

आता बाटलीकडे. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मी तीन आणले आणि खरा फरक लेबलात होता. दुकानात 'पेट ओडर रिमूव्हर' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं नुसतं अत्तर आणि जंतुनाशक असतं. बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं दिसलं तर बाटली परत ठेवा. मांजराने ते चाटलं तर तोंडात फोड येतात. एन्झाइम किंवा ते तयार करणारे उपयुक्त जिवाणू असं स्पष्ट छापलेलं हवं. आणि जिवाणूंचा माल असेल तर त्याच बाटलीत जंतुनाशकही असल्याचा दावा कसा काय, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

एन्झाइमच का, तर ते वासाची द्रव्यं फोडून टाकतात, नुसता वास झाकत नाहीत. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते सावकाश फुटत जातं, म्हणून डाग शिळा होतो तसा वास चढतो. शिवाय युरिक आम्लाचे क्षार साध्या पाण्यात धड विरघळत नाहीत. ते टाइल्सच्या सांध्यांत वाळून बसतात आणि हवेत ओल आली की पुन्हा दरवळायला लागतात. मे महिन्यात ठीक वाटलेली खोली जूनच्या मध्यावर का घमघमते, त्याचं उत्तर हे.

वापरायची रीत बाटलीवर दोन ओळींत संपवलेली असते, तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. फवारून लगेच पुसायचं नाही. आधी जुन्या सुती कापडाने दाबून जितकी शू टिपता येईल तितकी टिपायची. तिथे आधी फिनाइल किंवा साबण लावला असेल तर साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यायचं. मग शू जितकी पसरली असेल त्याहून चार बोटं जास्त जागेवर ओतायचं. फवाऱ्याची तोटी माझी पहिल्याच महिन्यात अडकली, त्याचं काही वाईट वाटलं नाही. फरशीवर पंधरा-वीस मिनिटं, सोफ्यावर वर प्लॅस्टिक अंथरून रात्रभर. मधे वास आधीपेक्षा वाढतो, तेव्हा घाबरू नका, वाळल्यावर जातो. अर्थात असं वापरलं तर अर्ध्या लिटरची बाटली, साधारण साडेचारशे रुपयांची, बघता बघता संपते.

यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढुशा बाटलीचे साडेचारशे? फिनाइलचा कॅन शंभरात येतो."
"आई, ती त्याच फरशीवर चालते आणि मग पंजे चाटते."
"मग फिनाइल संडासापुरतं ठेवू. पण ही बाटली तूच ओत, माझा हात आखडतो."

फिनाइलचा मुद्दा खरंच गंभीर आहे. काळ्या फिनाइलमधली फिनॉलच्या जातीची रसायनं पचवून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. पांढऱ्या फिनाइलमधलं पाइन तेलही मांजराला सोसत नाही. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवायचा सल्ला बिल्डिंगमधल्या दोघांनी दिला. त्या तर सरळ विषारी. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की घशाला झोंबणारा वायू सुटतो. व्हिनेगरने वास तात्पुरता दबतो, पाहुणे येणार असतील तर चालेल.

टॉर्च तीनशे-साडेतीनशेचा, जांभळ्या उजेडाचा. रात्री सगळे दिवे घालवून, डाग ओला नसताना बघायचं. दिवाणाखाली, जिथे आम्हाला वास येतच नव्हता, तिथे स्कर्टिंगच्या कडेने हिरवट-पिवळा पट्टा उजळला आणि पायाच्या लाकडावर ओघळाच्या खुणा दिसल्या. वास नेमका कुठून येतो यावरचे घरातले वाद त्या रात्री संपले. मात्र स्वयंपाकघरात जपून. ओट्याखालची फरशी बघून नवरा किंचाळला, "इथेपण?" तो हळदीचा डाग होता. हळदही या उजेडात जवळजवळ त्याच रंगाची चमकते. धुण्याच्या पावडरीतली पांढरेपणा आणणारी द्रव्यं निळसर दिसतात, त्यामुळे गंजीफ्रॉकवर संशय घेऊ नका.

गादीचा अनुभव वाईट. कापसाची गादी एन्झाइमने आतपर्यंत भिजवायची तर ती वाळणार कधी, आणि तेही आषाढात? दोन दिवस पंख्याखाली ठेवली, वास शूचा होता तो कुबट झाला. शेवटी पिंजाऱ्याकडून उसवली, डागाकडचा कापूस टाकला, उरलेला पिंजून नवीन खोळीत भरला. आता खोळीवर वॉटरप्रूफ कव्हर आहे. झोपताना चुरचुर आवाज करतं, पण आहे.

इथपर्यंतची सगळी सफाई शू होऊन गेल्यानंतरची झाली. शू थांबवली ती डब्याने. जुना डबा झाकणाचा, झुलत्या दाराचा, दिसायला सुबक आणि ठकीला आखूड. मांजराच्या लांबीच्या दीडपट डबा हवा, लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. ठकीला टेप लावली तर पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे सत्तरच्या आसपासचा डबा हवा. बाजारात पेट शॉपच्या मापाचे डबे याच्या अर्ध्या-पाऊण मापाचे. पलंगाखाली कपडे ठेवायला मिळतो तो प्लॅस्टिकचा टब प्लॅस्टिकवाल्याकडून साडेपाचशेत आणला, तापवलेल्या सुरीने एक बाजू कापून उंबरठा केला आणि कडा पॉलिश पेपरने घासली. झाकण नाही, दार नाही.

जागाही बदलली. ड्राय बाल्कनीत डबा वॉशिंग मशीनला खेटून होता. ठकी आत बसलेली असताना मशीन स्पिनला गेलं की ती उडी मारून पळायची, आणि पावसात वाऱ्याने शिंतोडे येऊन लिटर ओलसर व्हायचं ते वेगळंच. आता एक टब बेडरूमच्या कोपऱ्यात आणि दुसरा हॉलमध्ये, पुस्तकांच्या मांडणीमागे. मांजरांच्या संख्येपेक्षा एक डबा जास्त हा नियम वन बीएचकेमध्ये पाळणं म्हणजे पाहुण्यांसमोर थोडी लाज गिळणं. मी गिळली.

लिटर तीन प्रकारचं वापरून पाहिलं. पाइनच्या गोळ्यांना वास छान, पण ठकी त्यांवर पाय ठेवून झटकायची आणि निघून जायची. टोफूचं लिटर हलकं, धूळ नाही. मात्र पावसाळ्यात उघडं पाकीट मऊ पडलं आणि त्यात किडे झाले, शेवटी सोयाबीनच ते. टिकलं ते साधं, बिनवासाचं, बारीक दाण्याचं बेंटोनाइट. आपल्याकडे कच्छमध्ये या मातीच्या खाणी आहेत, त्यामुळे ते सहज मिळतं आणि परवडतं. दोन इंच थर, दिवसातून दोनदा गोळे काढायचे. धूळ उडते, पायांबरोबर हॉलभर होते, आणि फ्लशमध्ये टाकलं तर पाइप तुंबणार हे नक्की. लॅव्हेंडर वगैरे सुगंधाचं घेऊ नका. तो वास माणसांसाठी घातलेला असतो, मांजराच्या नाकाला तो फार होतो.

प्लगमध्ये लावायचा फेरोमोन डिफ्यूझर, म्हणजे मांजराला शांत वाटावं म्हणून हवेत गंधद्रव्य सोडणारं यंत्र, महिनाभर चालवला. आमच्या खिडक्या सताड उघड्या, पंखा सदा चालू, त्यात तो किती उरत असेल देव जाणे. दुसरी कुपी आणली नाही.

आजची स्थिती अशी: नवरात्रापासून गादीवर एकदाही नाही. वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम निघालं होतं त्या आठवड्यात पायपुसण्यावर दोनदा, तेव्हा डॉक्टरांना फोन करून दुखण्याचं औषध सुरू केलं आणि थांबलं. त्यामुळे एक बाटली कायम घरात असते, कपाटात, उन्हापासून लांब. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात आणि उन्हात खिडकीत राहिलेली एक बाटली नंतर नुसत्या पाण्यासारखी वागली. पुढच्या वेळी क्लीनरचा एक लिटरचा कॅन घेणार आहे, अर्ध्या लिटरमागे बरेच पैसे वाचतात.