क्लाउडमधली फाइल न उतरवता आत डोकावणं: आरक्लोनच्या 'कॅट' कमांडचा अनेक महिन्यांचा अनुभव

माझ्या कामात बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीच्या जागेत, रोज सीएसव्ही आणि लॉग फाइल येऊन पडतात. बघायचं इतकंच असतं: हेडर ठरल्याप्रमाणे आहे का, शेवटची ओळ पूर्ण आलीय की मध्येच तुटलीय, आणि नावात सीएसव्ही म्हटलंय तर आत खरोखर सीएसव्हीच आहे ना. एवढ्यासाठी काही जीबींची फाइल अख्खी उतरवून घेणं मला पटत नाही. गेले बरेच महिने मी यासाठी आरक्लोन वापरते आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त त्याची 'कॅट' ही, फाइलमधला मजकूर स्क्रीनवर दाखवणारी कमांड.

आरक्लोन हे गो भाषेत लिहिलेलं ओपन सोर्स टूल. एस३ (ॲमेझॉनची साठवण सेवा), गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सपासून साध्या एसएफटीपी सर्व्हरपर्यंत सगळं त्याला चालतं. एकदा कॉन्फिगमध्ये 'रिमोट'ला, म्हणजे त्या दूरच्या साठ्याला, नाव दिलं की पुढे नाव, कोलन आणि पाथ एवढंच लिहायचं. बहुतेक लोक ते बॅकअप आणि सिंकसाठी वापरतात. फाइल बघायला ते किती उपयोगी आहे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मुख्य गंमत 'हेड' आणि 'टेल' या दोन फ्लॅगमध्ये, म्हणजे कमांडला जोडायच्या पर्यायांमध्ये आहे. हेडला १००० दिलं की फाइलचे पहिले १००० बाइट, टेलला दिलं की शेवटचे. मधलाच तुकडा हवा असेल तर 'ऑफसेट' आणि 'काउंट'. आरक्लोन फाइल आणून मग कापत नाही. सर्व्हरकडे तेवढीच रेंज मागतं. एचटीटीपीमध्ये याची सोय आहेच, उत्तर २०६ कोडने येतं. त्यामुळे फाइल १ एमबीची असो की १०० जीबीची, पहिला तुकडा जवळपास सारख्याच वेळात समोर येतो.

क्लाउडवाल्यांच्या स्वतःच्या टूलनेही हे जमतं, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. गूगलच्या 'जीक्लाउड स्टोरेज कॅट'ला रेंजचा फ्लॅग आहे. एडब्ल्यूएसमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये) 'एस३एपीआय गेट-ऑब्जेक्ट'ला रेंज देता येते, मात्र ते आउटपुट फाइलचं नाव मागतं. म्हणून बरेच जण 'एस३ सीपी' या कॉपी करणाऱ्या कमांडचं आउटपुट सरळ पाइपमधून युनिक्सच्या ओळी मोजणाऱ्या 'हेड' कमांडला देतात. दहा ओळी दिसतात हे खरं, पण ते टूल मोठी फाइल मुळात ८ एमबीच्या तुकड्यांत आणि एका वेळी अनेक रिक्वेस्ट पाठवून आणतं. पाइप बंद होईपर्यंत गरजेपेक्षा कितीतरी जास्त डेटा येऊन गेलेला असतो. बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागत असतील तर हा फरक बिलात दिसतो.

आता मराठी मजकुराच्या फाइल. आरक्लोनचं हेड मोजतं बाइट, अक्षरं नाही, आणि यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा वेगळे ३-३. निव्वळ देवनागरी मजकुराचे ५०० बाइट मागितले तर १६६ चिन्हं पूर्ण येतात आणि २ बाइट लोंबकळत राहतात. मग शेवटी तो चौकटीतला प्रश्नचिन्हवाला चौकोन दिसतो. फक्त शेवटचं चिन्ह तसं असेल तर फाइल ठीक आहे, काप तिथे पडलाय एवढंच. सगळाच मजकूर विचित्र दिसत असेल तर आउटपुट बाइटचे आकडे दाखवणाऱ्या 'हेक्सडंप -C'ला द्यावं. सुरुवातीला 'एफएफ एफई' दिसलं तर ती बहुधा यूटीएफ-१६ या वेगळ्या पद्धतीत साठवलेली आहे. 'ईएफ बीबी बीएफ' दिसलं तर बीओएम, म्हणजे यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला कधी कधी असणारी न दिसणारी खूण. हा बीओएम सगळ्यात फसवा: स्क्रीनवर दिसत नाही, पण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून बसतो, आणि इम्पोर्ट करताना 'असा कॉलमच नाही' अशी एरर येते. कॉलम तर डोळ्यांसमोर दिसत असतो! ३ बाइट मागवून बघितले की शोध तिथेच संपतो.

फाइल कुठल्या टोकाने बघायची हे फॉरमॅटवर ठरतं. जीझिपचे पहिले काही केबी आणून जीझिप उलगडणाऱ्या 'झेडकॅट'ला दिले की ओळी नीट उलगडतात. शेवटी 'अनपेक्षितपणे फाइल संपली' अशी सूचना येते, ती येणारच. जीझिपची शेपटी मात्र एकटी उलगडत नाही. झिपचं उलटं आहे. आतल्या फाइलींची यादी शेवटी असते, म्हणून टेल लावून आउटपुट बायनरीतला वाचता येणारा मजकूर वेचणाऱ्या 'स्ट्रिंग्ज'ला द्यावं, नावं वाचता येतात. पार्के या कॉलमवार डेटा साठवणाऱ्या फॉरमॅटचा स्कीमाही (कॉलमांची रचना) शेवटी, फुटरमध्ये. तिथे मी कॅट सोडून डकडीबी हा छोटा डेटाबेस वापरते. ते आधी फुटर वाचतं आणि मग लागतील तेवढेच भाग रेंजने मागतं. पाच ओळी बघायला यापेक्षा सोपं मला काही सापडलेलं नाही.

गूगल ड्राइव्हवरचे गूगल डॉक्स म्हणजे खऱ्या अर्थाने फाइल नव्हेतच. यादीत त्यांचा आकार उणे १ दिसतो, आणि कॅट केलं तर डीओसीएक्स हाती येते, म्हणजे 'पीके'ने सुरू होणारं झिप. एक्स्पोर्ट फॉरमॅट टीएक्सटी करून घ्या, शीट असेल तर सीएसव्ही.

एक गोष्ट नक्की ध्यानात ठेवा. पाथ फोल्डरचा दिलात तर आरक्लोन त्यातल्या आणि त्याखालच्या सगळ्या फाइल ओतत सुटतं. हेड लावलं असेल तर ते प्रत्येक फाइलला स्वतंत्रपणे लागू होतं. अनेक फाइलींची हेडर एकदम ताडून बघायला हे छान आहे. मी ठरावीक नावांच्याच फाइल घेणारा 'इन्क्लूड' फिल्टर जोडून मुद्दाम तसंच करते. पण नकळत झालं तर टर्मिनलवर कचऱ्याचा पूर येतो. बायनरीने टर्मिनल बिघडलं तर 'रीसेट' टाइप करा.

सध्या माझ्या सगळ्यात आवडीची जोडणी आहे ती एफझेडएफबरोबरची, म्हणजे टाइप करता करता यादी गाळणाऱ्या टूलबरोबरची. आरक्लोनच्या 'एलएसएफ'ने फाइलींची यादी काढायची, ती एफझेडएफला द्यायची आणि प्रिव्ह्यूमध्ये कॅटचं हेड. बाण खालीवर केला की शेजारी फाइलची सुरुवात दिसत जाते. फक्त कर्सर थांबेल त्या प्रत्येक फाइलसाठी एक रिक्वेस्ट जाते, तेव्हा हजारो फाइलींच्या यादीत आधी नाव टाइप करून ती बारीक करावी.

कमी जाणवते ती ओळींची. 'पहिल्या २० ओळी दे' असं आरक्लोनला सांगता येत नाही. मी अंदाजाने ८००० बाइट मागवते आणि पुढे युनिक्सचं साधं, ओळी मोजणारं हेड लावते. लांबलचक जेसन ओळी असतील तर आकडा वाढवावा लागतो. एस३च्या ग्लेशियरसारख्या, आधी रिस्टोअर करावं लागणाऱ्या थंड साठ्यात गेलेली फाइलही अशी डोकावून बघता येत नाही. आधी रिस्टोअर, मग वाट बघणं.

आणि परवानग्या. बघण्यासाठी यादी आणि वाचन एवढे दोनच अधिकार पुरतात, म्हणून मी त्यासाठी वेगळी ॲक्सेस-की ठेवली आहे, लिहिण्या-पुसण्याचे अधिकार नसलेली. यादीचा अधिकार नसेल तर अस्तित्वात नसलेल्या फाइललाही एस३ ४०४ऐवजी (सापडली नाही) ४०३ (परवानगी नाही) देतं, आणि माणूस परवानगी शोधत बसतो. आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमधले पासवर्ड नुसते झाकलेले असतात, सुरक्षित नसतात. त्या फाइललाच पासवर्ड लावायची सोय 'आरक्लोन कॉन्फिग'मध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी वापरा.