दामिनी ॲप नऊ महिने वापरल्यावर: इशारा मोबाईलवर येतो, वावरात आपल्यालाच न्यावा लागतो

मागच्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर मोबाईलमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी टाकलं. आता हरभराही निघाला. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं वावर आहे. पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर.

हे ॲप पावसाचा अंदाज सांगत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे. देशभरातले सेन्सर वीज टिपतात, आणि तुमच्या लोकेशनपासून २० किंवा ४० किलोमीटरच्या आत ती कडाडली तर सूचना येते. म्हणजे सगळा मिनिटांचा मामला. उद्या सोयाबीन सोंगू का, हे मेघदूत या दुसऱ्या ॲपला विचारायचं. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. तो पाहून मी दोनदा फवारणी थांबवली, औषध वाचलं.

सुरुवातीला वैताग आला. ४० किलोमीटर म्हणजे आमच्याकडून जवळजवळ यवतमाळ. तिकडे कडाडलं की इकडे कोरड्या उन्हात मोबाईल ओरडायचा. मग ठरवलं, ४० ला आभाळ पाहायचं, २० ला काम थांबवायचं. ऑगस्टमध्ये उलटंच झालं, गडगडाट डोक्यावर आणि फोन गप्प. ॲपला शिव्या घातल्या. रात्री पोराने पाहिलं, तर बॅटरी सेव्हर मीच लावलेला, लोकेशन बंद. मग लोकेशन कायम चालू ठेवलं, तर चार वाजताच बॅटरी मान टाकायला लागली.

खरी बोंब रेंजची. नाल्यापलीकडे इंटरनेट नावालाच. म्हणून स्मार्टफोन घरी, ओसरीवर, बायकोजवळ चार्जिंगला. वावरात सालदाराचा बटनांचा फोन, पन्नीत गुंडाळून खिशात. सूचना आली की बायको मिस कॉल देते. उचलायचा नाही, निघायचं. लाइन जाऊन टॉवरही बसला तर आपले डोळे-कान: वीज चमकल्यापासून आवाज यायला तीस सेकंद लागले तर ती साधारण दहा किलोमीटरवर.

ऑक्टोबरात कापसाची पहिली वेचणी चालू होती. मिस कॉल आला तेव्हा पश्चिमेला नुसती काळी रेघ. बाया म्हणाल्या, "एवढी पात लागू द्या भाऊ, मंग जातो." पात म्हणजे वेचायची ओळ, ती संपायला पंधरा मिनिटं. ओरडून उठवल्या तर सवयीने मोहाच्या झाडाखाली निघाल्या, डबे तिथेच ठेवलेले ना! वळवून विहिरीवरच्या विटांच्या खोलीत नेल्या. अकरा जणी, मोटारीच्या स्टार्टरपासून लांब सरकून, ओटीतला कापूस तसाच. पाऊस झोडपून गेला, वीज मात्र दूरच राहिली. एक मावशी तोंडावर बोलली, "काहून कोंडलं बाप्पा, मजुरी बुडाली ना आमची."

तिचं बरोबर होतं. वेचणी किलोवर असते. खोलीत बसलेला तास तिच्या खिशातून जातो. त्या संध्याकाळी कापूस मोजल्यावर बसलेल्या वेळाचे पैसे वेगळे दिले. पुढच्या वेचणीपासून मिस कॉलवर कोणी पातीचं नाव काढलं नाही. ॲप फुकट आहे, पण हा खर्च धरूनच चाला.

गारपिटीचं दामिनी काही सांगत नाही. हरभऱ्याची गंजी मी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा तीन तासांचा इशारा पाहून झाकली.

परत वावरात उतरायला मात्र मिस कॉल नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास, आणि घड्याळ सालदाराकडे, कारण मला धीर निघत नाही.