लेबर रूमसाठी आधी कोणती चेकलिस्ट?

वर्षभरात एकच नवी पद्धत नीट बसवता येईल एवढेच मनुष्यबळ असलेल्या ग्रामीण रुग्णालयापुढे किंवा छोट्या प्रसूतिगृहापुढे साधारणपणे दोन पर्याय येतात. एक म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 29 मुद्द्यांची सुरक्षित प्रसूती चेकलिस्ट आणि दुसरा म्हणजे केवळ प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी आखलेली ‘ई-मोटिव्ह’ पद्धत.

पहिलीत दाखल करताना, बाळंतीण जोर लावू लागण्याआधी, जन्मानंतर तासाभरात आणि घरी सोडताना अशा चार वेळी थांबून बी.पी., जंतुसंसर्गाची लक्षणे, हातांची स्वच्छता, बाळासाठी ॲम्बू बॅग (कृत्रिम श्वास देण्याची पिशवी) यांची खातरजमा केली जाते. कर्नाटकातील एका रुग्णालयात तिच्यामुळे 29 पैकी सरासरी 10 वरून 25 कृती होऊ लागल्या. उत्तर प्रदेशातील 120 आरोग्य केंद्रांवरील मोठ्या चाचणीचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र विचारात पाडणारे आहेत. प्रशिक्षक जागेवर येऊन मार्गदर्शन करत असताना, दोन महिन्यांनी, आवश्यक कृतींचे प्रमाण सुमारे 73 टक्के होते (तुलनेच्या केंद्रांत 42), आठ महिन्यांचे मार्गदर्शन संपल्यावर, बाराव्या महिन्यात, ते 62 पर्यंत उतरले, आणि मातामृत्यू, मातेची गंभीर गुंतागुंत व बाळाचा मृतजन्म किंवा पहिल्या आठवड्यातील मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास राहिले. कागद आठवण करून देतो. कौशल्य, औषधसाठा आणि वेळेवरचे रेफरल (मोठ्या रुग्णालयात पाठवणे) तो पुरवत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

दुसऱ्या पद्धतीत मोजपट्टी असलेल्या ड्रेपमध्ये (बाळंतिणीखाली लावायच्या प्लास्टिकच्या पिशवीत) रक्त साठवून मोजतात आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की गर्भाशयाची मालिश, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारे औषध), ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारे औषध), सलाईन व तपासणी एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू करतात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातील 80 रुग्णालयांत, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत 4.3 टक्के, तर ही पद्धत वापरणाऱ्या रुग्णालयांत 1.6 टक्के होते. हा फरक मुख्यतः लिटरभर किंवा अधिक रक्तस्रावाच्या घटनांमधला आहे, मृत्यूंमधला नव्हे. शिवाय ती रुग्णालये सिझेरियनची सोय असलेली होती, तर उत्तर प्रदेशात लहान केंद्रेही होती. त्यामुळे दोन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणे योग्य नाही.

तरीही, नैसर्गिक बाळंतपणे बरीच होत असतील आणि इंजेक्शने खात्रीने मिळत असतील, तर मी ‘ई-मोटिव्ह’ आधी घेईन. ड्रेपचा खर्च प्रत्येक बाळंतपणाला येतो, पण रात्रपाळीच्या सिस्टरलाही डोळ्यांसमोर आकडा दिसतो. उच्च रक्तदाबामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग किंवा बाळाचा श्वास यांवर ही पद्धत काहीच सांगत नाही. तुमच्या मागील सहा महिन्यांच्या केस पेपरांत याच बाबतीतल्या चुका जास्त दिसत असतील, तर 29 मुद्द्यांची चेकलिस्ट निवडावी, मात्र नियमितपणे लेबर रूममध्ये उभे राहून पाहणारी वरिष्ठ परिचारिका आधी नेमूनच.