जुना लॅपटॉप, नवी डिस्क आणि लिनक्स मिंट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. सदाशिव पेठेत घरी बसून मी मराठी मुद्रितशोधन करतो. त्यामुळे ऐन कामात यंत्र बदलण्याची वेळ येऊ नये म्हणून ऑगस्टमध्येच विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीकडे वळलो.

एकाच पेनड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करू देणारे व्हेंटॉय बसवून उबुंटू, झोरिन आणि मिंट सिनॅमन या लिनक्सच्या तीन प्रकारांच्या आयएसओ (इन्स्टॉल करण्याच्या) फायली त्यात टाकल्या आणि काहीही इन्स्टॉल न करता प्रत्येक प्रणाली लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, चालवून पाहिली. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढेच तपासले. तिन्ही उत्तीर्ण झाल्या. मिंटची निवड मात्र आईमुळे झाली, कारण खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू पाहून तिने कोणालाही न विचारता स्वतःच ब्राउझर उघडला. शिवाय मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर आधारलेले असल्याने त्याला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत.

माझ्या मते नवख्याने डिस्ट्रोपेक्षा (लिनक्सच्या प्रकारापेक्षा) अधिक विचार इन्स्टॉल करण्याच्या पद्धतीचा करावा. बहुतेक परिचितांनी ड्युअल बूट, म्हणजे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणे, सुचवले होते. पण त्यात डिस्कचे विभाग पाडताना चूक झाली तर वर्षांचे काम जाते, विंडोजचे फास्ट स्टार्टअप (यंत्र पूर्ण बंद न करता लवकर सुरू करण्याची सोय) चालू राहिले तर तिकडचा विभाग लिनक्समध्ये केवळ वाचता येतो, आणि एक प्रणाली घड्याळात स्थानिक वेळ तर दुसरी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरत असल्याने आपल्याकडे वेळ थेट साडेपाच तासांनी चुकते. म्हणून मी टिळक रस्त्यावरील एका दुकानातून ५०० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून कपाटात ठेवली. एरवी ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ हा पर्याय निवडताना हात थरथरला असता. येथे पुसण्यासारखे काहीच नव्हते.

खरी परीक्षा सप्टेंबरअखेरच्या पावसात झाली. बॅटरी निकामी झालेली होती आणि कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, सुधारणा चालू असतानाच लाइट गेली. लाइट आल्यावर यंत्र सुरू केले, तर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल निवडला, डेस्कटॉप आला, आणि मग प्रणालीच्या प्रती राखणाऱ्या टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने आदल्या दिवशीची स्थिती परत आणली. टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये केवळ प्रणालीचा स्नॅपशॉट ठेवते, आपल्या फायली असलेल्या होम फोल्डरचा नाही, हे नीट लक्षात ठेवावे. दस्तऐवजांची प्रत मी स्वतंत्र काढतो. नवी बॅटरीही त्याच आठवड्यात घेतली.

मराठी टंकलेखनासाठी आयबस (टंकलेखनाची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) आणि इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) ही जोडी उत्तम चालते. ‘र्‍य’ आणि ‘र्य’ यांतला फरकही नेमका उमटतो. अडचण येते ती मंगल फाँटमधील वर्ड फायलींची. मंगल मिंटमध्ये नसल्याने लिब्रेऑफिस दुसरा फाँट वापरते, मजकूर शाबूत राहतो, परंतु ओळी सरकतात आणि पानांची संख्या बदलते. ‘पान ४७, ओळ १२’ अशा खुणांवर ज्यांचे काम चालते त्यांना हे अजिबात परवडत नाही. त्यामुळे आता मी लेखकांकडून सोबत पीडीएफ मागवतो आणि खुणा तिच्यावरूनच देतो.

युनिकोडपूर्व फाँटमधील, म्हणजे सर्वत्र चालणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या फाँटमधील, फायलींवर मात्र मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही. फाँट बसवला की मजकूर दिसतो, पण दुरुस्ती करायला लागणारा कीबोर्डचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. अशा फायली मी प्रकाशकाच्या कार्यालयात बसूनच तपासतो.