गोळ्या वाढल्या, शेवाळही वाढलं: पोहण्याच्या तलावाच्या देखभालीतली एक फसवणूक

निवासी संकुलाचा ५०,००० लिटरचा तलाव, वार्षिक देखभालीचं कंत्राट आणि ऐन उन्हाळ्यात हिरवं पडलेलं पाणी. कंत्राटात मजुरी धरलेली होती, रसायनांचं बिल वेगळं. सगळी गोम याच अटीत होती, कारण पाणी जितकं बिघडेल तितका माल जास्त खपणार. आधी क्लोरीनच्या गोळ्या वाढल्या. मग शेवाळनाशक आलं, त्यामागून फॉस्फेट काढणारं द्रावण, तुरटी आणि शेवटी फिल्टरची वाळू बदलायचा प्रस्ताव. प्रत्येक वेळी पाणी काही दिवस निवळायचं आणि पुन्हा हिरवट व्हायचं. समितीपुढे येणाऱ्या नोंदवहीत मात्र पीएच आणि क्लोरीन, दोन्ही रोज 'ठीक'.

त्या वहीत एक आकडा कधीच लिहिला गेला नाही: सायन्यूरिक आम्ल, म्हणजे ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात ते. क्लोरीन उन्हात झपाट्याने नष्ट होतं, ते टिकावं म्हणून स्टॅबिलायझर ३० ते ५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असणं चांगलंच. पण ते क्लोरीनला धरून ठेवतं, आणि धरलेलं क्लोरीन शेवाळावर तुटून पडू शकत नाही. म्हणून 'क्लोरीन २ पीपीएम आहे, म्हणजे पुरेसं आहे' हे विधान स्टॅबिलायझरचा आकडा सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. मोकळं क्लोरीन, म्हणजे चाचणीत दिसणारं आणि अजून खर्च न झालेलं, स्टॅबिलायझरच्या निदान ७.५ टक्के असावं लागतं. स्टॅबिलायझर ५० असेल तर सुमारे ४ पीपीएम, १५० असेल तर ११ च्याही वर. १५० वर २ पीपीएम ठेवलं तर शेवाळ बिनधास्त वाढतं, आणि वहीतला आकडा खरा असूनही मालकाची दिशाभूल होते.

स्टॅबिलायझर १५० पर्यंत पोचतं कसं? त्या गोळ्यांमधूनच. गोळ्या बहुतेक ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्यूरिक आम्ल एकत्र असलेल्या रसायनाच्या असतात. २०० ग्रॅमची एक गोळी ५०,००० लिटर पाण्यात सुमारे ३.६ पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत सुमारे २.२ पीपीएम स्टॅबिलायझर सोडते. क्लोरीन खर्च होऊन जातं, स्टॅबिलायझर जवळजवळ तसंच राहतं. ते वाफेबरोबर जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना) किंवा उसळून जेवढं पाणी बाहेर जाईल, तेवढंच कमी होतं. रोज एक गोळी दोन महिने टाकली की हिशेब १३० च्या आसपास जातो. अशा पाण्यावर 'अजून गोळ्या टाका' हा सल्ला देणारा माणूस एकतर हे जाणत नाही किंवा जाणून विकतो. ज्याचा धंदाच हा आहे, त्याला अज्ञानाची सवलत द्यावी असं आम्हाला वाटत नाही.

हा आकडा स्वतः तपासता येतो. तलावाचं पाणी आणि चाचणीद्रव सम प्रमाणात मिसळायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं. ठिपका दिसेनासा झाला की पातळी वाचायची. हे दिवसाउजेडी बाहेर, पण नळीवर थेट ऊन पडू न देता करावं. नळीवरची खूण १०० ला संपते. ठिपका त्याआधीच गडप झाला तर 'शंभर' लिहून थांबू नये. नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून पुन्हा मोजावं आणि उत्तर दुप्पट करावं.

आता बाकीच्या मालाबद्दल. स्वस्त शेवाळनाशकात बहुधा तांबं असतं, कधी कधी तर नुसतं मोरचूद. त्याने शेवाळ काही दिवस दबतं, पण तांबं पाण्यात साचत जातं. मग भिंतींवर हिरवट-निळे डाग पडतात, फिक्या रंगाचे केस हिरवे होतात आणि पाण्यालाही हिरवी झाक येते. तीच झाक दाखवून पुन्हा शेवाळनाशक विकलं जातं. पाणी हिरवं असूनही तळ स्वच्छ दिसत असेल तर धातूचा संशय घ्या. गढूळ हिरवं पाणी आणि बुळबुळीत भिंती, हे शेवाळ. तुरटी शेवाळ मारत नाही, फक्त खाली बसवते आणि पीएचही उतरवते. तो गाळ ओढून फिल्टरमधून न फिरवता थेट गटारात सोडला नाही, तर बरंचसं शेवाळ पुन्हा तलावात येतं. फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य खरं, पण क्लोरीन योग्य पातळीवर असेल तर त्यावर खर्च करायची गरज पडत नाही. वाळू एका हंगामात झिजत नाही. स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा दाब साधारण २५ टक्के वाढला की बॅकवॉश घ्यावा, एवढंच.

द्रवरूप क्लोरीनमध्ये पाणी मिसळून विकणं ही आणखी एक युक्ती. डब्यावर १० टक्के लिहिलं असेल तर एका लिटरमध्ये सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन हवं. बादलीत २० लिटर साधं पाणी घ्या, त्यातलं क्लोरीन आधी मोजा, मग सिरिंजने बरोबर १ मिलि द्रव घालून ढवळा. पातळी ५ पीपीएमने वाढायला हवी. अडीचच वाढली तर द्रव निम्म्या ताकदीचा आहे: भेसळीचा, नाहीतर उन्हात पडून शिळा झालेला. कसाही असला तरी पूर्ण पैसे देण्याजोगा नाही.

क्लोरीन मोजायच्या गुलाबी रंगाच्या चाचणीतही एक फसगत होते. क्लोरीन फार जास्त असेल तर रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नमुना बिनरंगी दिसतो. तो दाखवून 'क्लोरीन शून्य' म्हणता येतं. अशा वेळी नमुना साध्या पाण्याने पातळ करून पुन्हा तपासा. थेंब मोजून करायची चाचणी यापेक्षा भरवशाची; १० मिलि नमुन्यात गुलाबी रंग उडेपर्यंत घातलेला प्रत्येक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम.

खरा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून तो विकायला कोणी येत नाही. स्टॅबिलायझर १५० वरून ५० वर आणायचं तर निदान दोन तृतीयांश पाणी बदलावं लागतं, टप्प्याटप्प्याने बदललं तर त्याहून जास्त. तलाव एकदम रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते. टप्प्याटप्प्याने काढा आणि भरा. मग पीएच ७.२ च्या आसपास आणा. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन १० च्या वर गेल्यावर पीएचची चाचणी विश्वासाची राहत नाही. त्यानंतर संध्याकाळी पंप चालू ठेवून, फिल्टरमधून पाणी परत येतं त्या झोताजवळ, द्रवरूप क्लोरीन घाला. लक्ष्य स्टॅबिलायझरच्या ४० टक्के, म्हणजे ५० ला २० पीपीएम. ५०,००० लिटरमध्ये १ पीपीएमला १० टक्क्यांचा अर्धा लिटर लागतो, म्हणजे शून्यापासून २० पर्यंत १० लिटर. शेवाळ ते भराभर खाऊन टाकतं. एकदा ओतून सोडलं की सगळी मेहनत पाण्यात. दिवसातून अनेकदा मोजून पातळी पुन्हा २० वर न्यावी लागते. भिंती, शिडीमागची जागा, दिव्यांच्या कडा रोज ब्रशने घासाव्यात. तळ स्पष्ट दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, बुडणारा माणूससुद्धा अशा पाण्यात दिसत नाही. आणि आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) एकाच भांड्यात आले तर आग लागू शकते. दोघांसाठी मापसुद्धा वेगळं ठेवा.

काम संपलं हे कंत्राटदाराच्या शब्दावर ठरवू नये. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजा, मध्ये काहीही घालू नका. घट १ पीपीएमपेक्षा जास्त नसेल, संयुक्त क्लोरीन (घाम-घाणीशी जोडलं गेलेलं) ०.५ किंवा त्याहून कमी असेल आणि पाणी नितळ असेल, तर शेवाळ गेलं. या तिन्ही गोष्टी समितीच्या माणसाने स्वतःच्या संचाने तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, आणि पुढच्या करारात रसायनं मजुरीतच धरून दर महिन्याला स्टॅबिलायझरची नोंद बंधनकारक करावी.